लॉक सापडत नाही

मंडळी, मी प्रोग्रॅमर नाही. गिरगावात तीसेक वर्षं डीटीपी करतोय. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायट्यांचे अहवाल, येईल ते काम.

माझ्या हातात आहे ते आमच्या मराठी सॉफ्टवेअरचं डोंगल. धंद्यात आम्ही याला लॉक म्हणतो. अंगठ्याएवढं प्लास्टिक, पण हे मशीनला लावल्याशिवाय त्याचे फाँट उघडायचे नाहीत. रोख पैसे मोजून घेतलंय, बिल अजून फायलीत आहे. जुना कॉम्प्युटर दमला म्हणून नवा आणला, त्यात ऑपरेटिंग सिस्टीमही नवी. सॉफ्टवेअर बिनतक्रार बसलं. सुरू केलं तर म्हणतं, लॉक सापडत नाही. लॉक तर समोर पोर्टात! काढलं, पुसलं, परत लावलं. शेवटी कंपनीला फोन. ‘ते व्हर्जन बंद झालं साहेब, नवीन घ्या.’

भानगड ड्रायव्हरची होती. लॉकशी बोलणारा तो छोटा प्रोग्रॅम, माझा जुन्या घडणीचा, 32 बिटचा, आणि नवं विंडोज 64 बिटचं. 64 बिटच्या विंडोजवर 32 बिटचे साधे प्रोग्रॅम चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत. विंडोज 10 पर्यंत 32 बिटची आवृत्ती तरी मिळायची. 2021 ला आलेलं विंडोज 11 फक्त 64 बिटचं. मॅकवाल्यांनी हसू नये. 2019 च्या कॅटालिना या मॅकच्या सिस्टीमपासून त्यांच्याकडे 32 बिटचं एकही अ‍ॅप उघडत नाही.

इंग्रजीत काम करणाऱ्याचा प्रोग्रॅम गेला तरी मजकूर बहुतेक वेळा दुसरीकडे वाचता येतो. आपलं तसं नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. त्यात देवनागरीला 1991 पासून जागा आहे, पण आमच्या पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याची शेवटची आवृत्ती आली 2001 मध्ये. आम्ही पुढंही वर्षानुवर्षं त्यातच पानं लावली. जुन्या फाँटांत प्रत्येक कंपनीनं ‘क’ आपापल्या मर्जीनं कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागी बसवलेला. फाँट गेला की पानावर उरतात रोमन अक्षरं आणि पौंडाची चिन्हं. दिवाळी अंकाची सगळी पानं तशी बघितली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मग लॅमिंग्टन रोडवरून एक जुनं मशीन उचललं, त्यावर जुनं विंडोज एक्सपी टाकलं. एक्सपीचे अपडेट 2014 लाच थांबलेत, म्हणून त्याला नेटची वायर लावायची नाही, हा दुकानात नियम. लॉक लावलं, अक्षरं आली! कोणी म्हणेल, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर, वापरा. वापरा, चालतं, मला खरं मशीन बरं वाटतं. पण हे जुनं मशीन कायम चालणार नाही, म्हणून आता एकेक फाइल युनिकोडमध्ये नेतोय.

कन्व्हर्टर आहेत, पण डोळे मिटून विश्वास टाकू नका. जुन्या फाँटात अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. ‘निर्णय’ या एका शब्दात दोन्ही आहेत. कन्व्हर्टरनं वेलांटी जागेवर आणली आणि रफार विसरला की होतो ‘निणर्य’. परवा एका सोसायटीच्या जुन्या अहवालात असे अकरा सापडले. प्रूफ बायको वाचते, माझी नजर सरावलेली आहे, मला ते ‘निर्णय’च दिसतं.