फणसाची पावणी आणि जाकीटवाला चिकू

नमस्कार श्रोतेहो.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, कारण शेवटी सांगू म्हटलं की वेळ संपलेली असते. अंगात जाकीट घातलेला कुत्रा कुठे दिसला, बाजारात, बसस्टँडवर, देवळाच्या आवारात, तर त्याला हाक मारायची नाही, खाऊ द्यायचा नाही, हात लावायचा नाही. तो कामावर असतो. हाक नाही, खाऊ नाही, हात नाही. मुलांना एकदा सांगून ठेवा, ती मोठ्यांपेक्षा बरी ऐकतात.

तर हे मदतनीस कुत्रे. दृष्टी नसलेल्याला रस्ता पार करून देणारे, ऐकू न येणाऱ्याला दाराची घंटा वाजली हे अंगाला नाक लावून कळवणारे, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या हातून पडलेली किल्ली उचलून मांडीवर आणून ठेवणारे. यांची पहिली शाळा निघाली १९१६ साली, जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमध्ये, महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी. अमेरिकेत १९२९ साली ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. तिथे पहिला कुत्रा नेणाऱ्याकडून १५० डॉलर घेतात. हा आकडा १९३४ सालचा आणि आजही तोच. कुत्रा तयार करायचा खर्च याच्या कितीतरी पट. मग हे दीडशे तरी कशाला घ्यायचे? तर नेणाऱ्याला ताठ मानेनं म्हणता यावं, हा मी घेतलाय, कुणी दान घातलेला नाही. मला हे फार पटतं.

पण उरलेला पैसा कुठून तरी यावा लागतो, आणि तो लोकांकडूनच येतो. इंग्लंडात १९६४ साली बीबीसीच्या मुलांच्या एका कार्यक्रमानं हाक दिली, तर पोरांनी घराघरांतून चंदेरी कागद गोळा करून पाठवला आणि त्या रद्दीतून अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांसाठी पैसे उभे राहिले. आपल्याकडे तितका चंदेरी कागद नसेल, पण फणस आहेत.

हां, आता फणसाची गोष्ट.

गेल्या उन्हाळ्यात फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभागृहात असाच निधी जमवायचा कार्यक्रम झाला. कुत्रे शिकवणाऱ्या आपल्याकडच्याच एका छोट्या मंडळीसाठी. नाव सांगत नाही, रेडिओवरून जाहिरात नको. पोदेरानं पाव पाठवले होते, वाड्यावरच्या बायकांनी पातळभाजी आणि मिरचीची भजी केली होती, भजनी मंडळानं स्पीकर दिला होता. चर्चमधली मुलं फेस्ताच्या हाऊझीचा डबा आणि गिटार घेऊन हजर. कुणाला विचारलं, तुमच्या घरात आहे का असा कुत्रा, तर नाही. कुणाच्या घरी गरज आहे का, तर तेही नाही. मग आलात कसे? ‘बोलावलं म्हणून.’ गोव्यात एवढं कारण पुरतं.

कार्यक्रम चारचा. सुरू झाला साडेपाचला, कारण प्रमुख पाहुणे. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. माझं एक स्पष्ट मत आहे, हा सत्काराचा प्रकार दहा वर्षं बंद ठेवावा. तेवढ्या शालींत अर्ध्या गोव्याचे कुत्रे थंडीत झोपतील. आणि ज्या व्यासपीठावर हे चाललं होतं त्याला तीन पायऱ्या, रॅम्प नाही. ज्या मुलीसाठी सगळा खटाटोप, ती खाली पहिल्या रांगेच्या कडेला, चाकाच्या खुर्चीत. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट भरला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज गावातल्या सभागृहांपर्यंत अजून पोचायचाय.

तर ती मुलगी, कॉलेजात शिकणारी. तिच्या खुर्चीच्या पायठणीला नाक टेकून पडलेला चिकू. पिवळसर लॅब्राडोर, अंगात निळं जाकीट. येणारी जाणारी माणसं तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, हातात लाडू ठेवत होती, ‘बिचारी गो’ म्हणत होती. ती बापडी हसत होती. चिकूलाही दोघातिघांनी लाडू दाखवला. त्यानं बघितलं नाही. हाक नाही, खाऊ नाही, हात नाही. लक्षात आहे ना?

भाषणं संपली आणि पावणी, म्हणजे लिलाव, सुरू झाली. पुकारायला आमच्या वाड्यावरचे अण्णा. जत्रेला देवीची पातळं, नारळ, केळ्यांचे घड यांची पावणी तेच पुकारतात. आवाज असा की माईक नुसता शोभेला. मानकुराद आंबे गेले, खोल्याच्या मिरच्या गेल्या, मयड्याच्या केळ्यांचा घड गेला. शेवटी आला फणस. एका आजीनं परसातला काढून आणलेला, रसाळ.

इथं मला थांबावंच लागतं. हल्ली ज्याला त्याला कापा हवा. का, तर हात चिकट होत नाहीत. अहो, हात चिकट व्हायला नको असतील तर सफरचंद खावं. साठां, म्हणजे फणसपोळ्या, कशाची होतात? रसाळाची. बरं, असो.

दोनशेवर पावणी उघडली. पाचशे, सहाशे झाले. पुढच्या रांगेत सावईवेऱ्याचे एक बागायतदार काका बसले होते. कुळागर मोठं, हात आखडता. काका कसेबसे नऊशेवर आले. मागून पोदेराचा आवाज, ‘हजार.’ अण्णांनी पुकारलं, ‘हजार एक वार...’ काकांनी मान हलवली, नको. पण हा हजारवाला कोण, ते बघायला खुर्चीतून अर्धे उठून मागे वळले आणि सदऱ्याच्या खिशातलं पाकीट घसरून खाली पडलं. त्यांना पत्ता नाही.

मुलीनं पाहिलं. ती हळूच म्हणाली, ‘चिकू, आण.’

चिकू उठला. धावला नाही, उठला. फणसाच्या गोणपाटाला वळसा घातला. वाटेत कुणा पोरानं सांडलेलं भजं पडलं होतं, त्याच्यावरून नाक गेलं, तोंड गेलं नाही. खुर्चीखाली मान घालून पाकीट पुढच्या दातांत अलगद धरलं, वळला, आणि नेऊन ठेवलं कुठं? मुलीच्या मांडीवर. काकांकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला शिकवलंय तेच मुळी, उचललेली वस्तू आपल्या माणसाकडे न्यायची. ती कुणाची, हा हिशेब त्याचा नाही.

सभागृह चिडीचूप. अण्णा ‘दोन वार’ म्हणायचं विसरले. आणि तेवढ्यात काकांनी सदऱ्यावर हात मारला.

‘अरे देवा, म्हजें पाकीट!’

मुलीनं पाकीट उंच धरलं. ‘हांगा आसा, काका.’

अण्णा माणूस बेरकी. म्हणाले, ‘काका, पाकीट तुमच्या आधीच पुढं येऊन बसलंय. आता तुम्ही फक्त आकडा सांगा.’

असा हशा उसळला की गिटारवाल्या पोरांनी मध्येच ताल धरला. काका आधी लालबुंद झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. म्हणाले, ‘दोन हजार!’ तीन वार झाले, फणस काकांचा झाला. आणि काका म्हणाले, ‘आता हाच परत पावणीला लाव.’

मग अण्णांनी काय करावं? तीन पायऱ्या उतरून ते खाली आले आणि माईक त्या मुलीच्या हातात दिला. ‘बाय, आता तू पुकार. लोकांची पाकिटं काढायचं तुम्हां दोघांना बरं जमतं.’

पहिल्या वाराला तिचा आवाज कापला. दुसऱ्याला सुधारला. आणि मग तिनं जे सुरू केलं, विचारू नका. डॉक्टरांना म्हणाली, ‘तुम्ही मान हलवलीत की माशी हाकललीत?’ सरपंचांना म्हणाली, ‘भाषण एवढं मोठं आणि आकडा एवढासाच?’ कुणी पाचशेवर अडलं की एकच वाक्य: ‘चिकूला पाठवू?’ चिकू आपला जागेवर पडलेला, पण नुसत्या नावानं माणसं खिशात हात घालत होती. प्रमुख पाहुण्यांनी शाल पावणीला लावली. शाल आणि श्रीफळ दोन्ही गेलं, म्हणजे एकूण सत्काराचा थोडा उपयोग झालाच म्हणायचा. फणस घेणारा प्रत्येक जण परत लावत होता. कितीदा विकला ते कुणी मोजलं नाही. तासाभरापूर्वी ‘बिचारी’ म्हणणारे लोक तिच्याशी घासाघीस करत होते, ‘बाय, शंभर कमी कर गो,’ आणि ती साफ नाही म्हणत होती.

रात्री सुरीला खोबरेल लावून फणस तिथंच फोडला. डॉक्टर, सरपंच, पोदेर, गिटारवाली पोरं, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिकट. सावईवेऱ्याच्या काकांनी एक गरा चिकूसमोर धरला, तर पोरीनं त्यांना दटावलं, ‘काका, खाऊ नाही.’ त्यांनी निमूट स्वतः खाल्ला.

आता थोडं कामाचं. वेळ किती उरलाय? बरं.

पैसा जमतो, श्रोतेहो. फणस असला की जमतो. अडतं ते दुसरीकडे. त्या दिवशी मागच्या रांगेत तीन कुटुंबं बसली होती, पायाशी छोट्या जाकिटातली पिल्लं घेऊन. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मदतनीस कुत्रा थेट शाळेत जात नाही. आठेक आठवड्यांचं पिल्लू आधी एका घरात वाढतं, साधारण वर्षभर. शी-शू, चपला न चावणं, माणसांत बसणं, बाजारातल्या गर्दीत न बिथरणं, हे सगळं ते घर शिकवतं. मग पिल्लू प्रशिक्षणाला जातं, आणि घर रिकामं होतं. त्यांतल्या एका वहिनींना मी विचारलं, जड नाही जात? त्या म्हणाल्या, ‘जातं. म्हणून तर लोक पैसे देतात, घर देत नाहीत.’

आवाजाची सवय हा यातला कठीण भाग. फटाके, ढोल, हॉर्न. नरकासुराच्या रात्री तर विचारू नका. नरकासुराचा पुतळा जरूर करा, माझ्या लहानपणी आम्हीही गवत भरून केला. पण पहाटेपर्यंत ट्रकभर स्पीकर लावून भिंती हलवायच्या, हे कुठल्या श्रीकृष्णानं सांगितलं? नरकासुर मेला, त्याच्याबरोबर शेजारच्या आजोबांची झोपही.

दुसरी अडचण रस्त्यावरच्या कुत्र्यांची. त्यांना वाईट म्हणत नाही. २०१४ पासून गोव्यात मिशन रेबीजनं घरोघरी, वाड्यावाड्यावर फिरून लस टोचली, टोचलेल्यांच्या अंगावर रंगाची खूण केली, आणि २०२१ साली सरकारनं गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. मोठं काम आहे हे. पण वाड्यावरची टोळी जाकीटवाल्या कुत्र्यावर धावून आली, तर खुर्चीतला माणूस काय करणार? अशा वेळी तुम्ही मध्ये उभे राहा, टोळीला हाकला. तेवढं पुरे. जाकीटवाल्याला मात्र हाक नाही, खाऊ नाही, हात नाही.

या मंडळींना पिल्लं वाढवायला घरं हवी आहेत. घरात दिवसा कुणीतरी असावं, फाटकाला कडी असावी, आणि आठवड्यातून एकदा पिल्लाला बाजारात न्यायची तयारी असावी. पिल्लाला पाहुण्यांच्या ताटातलं काही द्यायचं नाही, आजीआजोबांनीही नाही. वर्षानं परत द्यायचं, ही अट फॉर्मवर पहिलीच छापलेली आहे, सही तिच्याखालीच करायची असते. पावसाळ्यात पिल्लं पुसायला जुने पंचे लागतात. कपाटात असतील तर धुऊन ठेवा. पुढचा कार्यक्रम चतुर्थीनंतर आहे, आणि या वेळी माईक खालीच लावणार आहेत.

नमस्कार.