१४ एप्रिल, भायखळा: बंबवाल्यांचं स्मारक

१४ एप्रिल म्हटलं की मुंबईत आधी आठवते ती आंबेडकर जयंती. आठवायलाच हवी. पण त्याच दिवशी भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्यालयात, स्मारकाला पुष्पचक्र वाहतात. कुणासाठी, ते सांगतो.

साल १९४४. महायुद्ध चालू. व्हिक्टोरिया डॉकला ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज लागलेलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि वर कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. सोन्याच्या विटाही होत्या, पण सोन्याचं नाव काढलं की कमेंट्स तिकडेच पळतात, तेव्हा आज ते राहू दे.

दुपारी धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. कापसाची गाठ आतल्या आत धुमसते हो! शेकडो टन पाणी ओतलं, तरी आग नेमकी कुठे आहे तेच कळेना. इतकी स्फोटकं पोटात असलेल्या जहाजावरून शेवटपर्यंत पाणी मारत होते ही माणसं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. साधारण अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. एकूण मृत ८०० ते १,३०० सांगतात. नक्की आकडा कधी लागलाच नाही. आणि युद्धाची सेन्सॉरशिप अशी, की अख्ख्या शहराने आगीचे लोळ पाहिले, पण इथल्या पेपरांना बातमी द्यायची मुभा मिळाली थेट मे महिन्यात.

त्या दिवशी गेलेल्या जवानांच्या आठवणीसाठीच देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो.

हे स्मारक बघायला जरूर जा. फक्त, ते चालू फायर स्टेशन आहे. गेटवर विचारा, परवानगी मिळाली तर आत जा. आणि सेल्फीसाठी गाड्यांच्या वाटेत तर अजिबात उभं राहू नका, कॉल कधीही येतो.

“आम्ही काय मदत करू?” असं विचाराल, तर फुलं वाहाच. पण त्याआधी आपली बिल्डिंग बघा. २०१५ साली काळबादेवीच्या आगीत या दलाचे चार अधिकारी गेले, तीही एक जुनी, आपल्यासारखीच इमारत होती. तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात सायकली, कुंड्या, मोडकं कपाट आहे? हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या नळाला, पाणी येतं? कायद्याने अग्निसुरक्षेचा ‘बी फॉर्म’, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. सेक्रेटरींना विचारा, शेवटचा कधी दिला. उत्तर कमेंटमध्ये लिहा. सोसायटीचं नाव नको, उगाच भांडणं होतील!