वेल्डिंग संपल्यानंतरचा तास

नमस्कार श्रोतेहो.

मस्जिद बंदर, दारूखान्याकडची जुनी गोदामं तुम्ही पाहिली असतील. सागवानी खांब, वीतभर जाड तुळया. अशाच एका गोदामात शिवणकामाचा कारखाना बसणार होता आणि दुरुस्तीची देखरेख माझ्याकडे होती.

त्या दिवशी पहिल्या मजल्यावर लोखंडी रॅकचं वेल्डिंग चाललं होतं. पाचला काम आटोपलं, पोरं लोकल गाठायला पळाली. आमचे सुतारकाका मात्र बादली उपडी घालून तिथेच बसले. म्हटलं, "काका, चला की." तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. ठिणगी कुठे गेली ते आत्ता नाही कळायचं."

मीही थांबलो. पावणेसहाच्या सुमारास काकांनी मान वर केली. धूर कुठेच नव्हता, पण जळक्या चिंधीसारखा बारीक वास येत होता. काका गुडघ्यांवर बसले, फळ्यांवरून तळहात फिरवत गेले आणि एका जागी हात झटकन उचलला. पहारीने फळी उचकटली. खालच्या पोकळीत कापसाची कितीतरी वर्षांची धूळ साचलेली आणि तिच्यात वाटीएवढा निखारा धुमसत होता. वारा लागताच भडकला. दोन बादल्या पाणी ओतलं, तेव्हा विझला. रात्री त्या गोदामात कुणीच नसे.

म्हणून सांगतो, वेल्डिंग संपलं की तासभर माणूस बसवा. तासभर, बरं का!

जाड सागवान लगेच दगा देत नाही. वरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला राखतो. अर्ध्या तासात जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर जळतं. उघडं पोलाद 550 अंशांच्या आसपास निम्मी ताकद घालवून बसतं. धोका असतो तो पोकळीत. पोकळ्या उघडून साफ करा, फटी बुजवा. आणि असलं देखणं सागवान फॉल्स सीलिंगने झाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अहो, असं लाकूड आता कुठे मिळणार? दिसू द्या ना ते! शिवाय झाकलं की नवी पोकळी तयार होते.

काळबादेवीत 2015 साली जुन्या इमारतीला आग लागली, ती कोसळली आणि आपल्या अग्निशमन दलाचे 4 अधिकारी गेले. ती बातमी आठवली की आजही गलबलून येतं.

आमच्या त्या कारखान्यात आता दाराशी एक वही टांगलेली असते. वेल्डिंग कधी सुरू झालं, कधी संपलं, आणि तिसऱ्या रकान्यात, नंतर कोण बसलं.