आठ रुपयांचा लाभांश, शेअरचं मोल किती?

[दृश्य: वडगाव, बेळगाव. सकाळ, यंत्रमागांचा आवाज. टेबलावर दोन कागद.]

डावीकडं सहकारी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. उजवीकडं शेअर बाजारातल्या एका कंपनीचा वार्षिक अहवाल. बेळगाव, खानापूर, निपाणीत डिव्हिडंड, म्हणजे लाभांश, नफ्यातला भागधारकाचा वाटा, हा शब्द घराघरात गेला तो डावीकडच्या कागदामुळं. सोसायटीचा शंभराचा शेअर शंभरालाच मिळतो, सोडताना शंभरच परत येतात. म्हणून तिथं 12 टक्के लाभांश म्हणजे घातलेल्या पैशावर खरोखर 12 टक्के.

उजवीकडं 80 टक्के लाभांश छापलाय. पण तो दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर लिहिलेल्या मूळ किमतीवर. दर्शनी किंमत 10 रुपये, म्हणजे शेअरमागे 8 रुपये. बाजारभाव 200 असेल, तर हा परतावा फक्त 4 टक्के. पहिली गफलत इथंच होते.

[दृश्य: वही, पेन्सिल, कॅलक्युलेटर. अगदी जवळून.]

वहीत वर एकच ओळ आहे. शेअरचं मोल म्हणजे पुढच्या वर्षीचा लाभांश, भागिले एक वजाबाकी: आपल्याला अपेक्षित परतावा वजा लाभांशवाढीचा दर. मायरन गॉर्डन आणि एली शपिरो या अर्थतज्ज्ञांनी 1956 मध्ये ही रीत मांडली. शेअर घेणं म्हणजे पुढं येणारे सगळे लाभांश आजच्या मोलानं विकत घेणं, हा तिचा पाया.

पेन्सिल मागच्या लाभांशांवर थांबते. पाच वर्षांपूर्वी 5.45 रुपये, यंदा 8. चक्रवाढीनं वर्षाला जवळपास 8 टक्के. मधे एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर फुकट, दिला असेल, तर त्याआधीचे आकडे निम्मे करून घ्यायचे. जमीन विकून एकदाच वाटलेला विशेष लाभांश धरायचाच नाही. मग पडताळा. कंपनी भागधारकांच्या भांडवलावर 16 टक्के कमावते आणि निम्मा नफा धंद्यातच ठेवते. धंद्यात ठेवलेल्या नफ्यातूनच पुढची वाढ येते, म्हणून सोळाचे निम्मे आठ. दोन्ही वाटांनी आकडा जुळला, तरच पान उलटायचं.

अपेक्षित परतावा 13 टक्के धरलाय: सरकारी रोख्याचे 7, वरचे 6 जोखमीचे. पुढच्या वर्षीचा लाभांश, आठावर 8 टक्के वाढ धरून, 8.64 रुपये. इथं यंदाचेच 8 घातले, तर उत्तर 160 येतं आणि ते चुकतं. 13 वजा 8, म्हणजे 5 टक्के; 8.64 भागिले 0.05. कॅलक्युलेटरवर 172.80.

[दृश्य: उद्यमबाग. फाउंड्रीत ओतकाम.]

वितळलेलं लोखंड लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, वाळूच्या साच्यात उतरतंय. कास्टिंगच्या धंद्यात ऑर्डर कधी दुप्पट, कधी निम्म्यावर. अशा कंपनीचा लाभांश दरवर्षी ठरल्या मापानं वाढत नाही, म्हणून एकाच दरावर विसंबायचं नाही. वहीतल्या कंपनीची वाढ 6 टक्के धरली तर मोल 121 रुपये. 10 टक्के धरली तर 293. कंपनी तीच, बदलला फक्त आपला अंदाज. वाढ 13 वर नेली, की भाजकच शून्य होतो. लाभांश न देणाऱ्या नव्या कंपनीला ही रीत लागूच पडत नाही. आणि 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावर कर भागधारकानंच भरायचा असतो, तोही हिशोबात घ्यायला हवा.

हिशोब न करता, कुणाच्या नुसत्या सांगण्यावर घेतलेल्या शेअरांत पुंजी अडकू शकते.

[दृश्य: पुन्हा वही. पेन्सिल शेवटच्या रकान्यावर.]

121, 173, 293. चौथ्या रकान्यात बाजारभाव, 200. आता उलटं गणित. 200 रुपये मोजणारा माणूस, या कंपनीचा लाभांश कायम वर्षाला 8.65 टक्क्यांनी वाढत राहील, असं धरून चाललाय. मागच्या पाच वर्षांत तो वाढलाय 8 टक्क्यांनी.