डॉट इनचा विश्वस्त कोण?

(नाशिक येथे लघुउद्योजक, व्यापारी आणि द्राक्ष उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सुजन हो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘डॉट भारत आणि मराठी नावे’ असा छापला आहे आणि तिथे मी येणारच आहे. परंतु देशाच्या ज्या नावाखाली आपण आपल्या दुकानाचे किंवा कंपनीचे नाव नोंदवतो, ते देशाचे नाव मुळात सांभाळतो कोण, हे समजल्यावाचून पुढचे बोलणे निराधार ठरेल.

इंटरनेटवर देशांना दोन अक्षरी ओळख मिळते. कोणता प्रदेश देश आणि कोणता नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत इंटरनेटच्या आद्य व्यवस्थापकांनी पडायचे नाही असे ठरवले आणि आयएसओ ३१६६ ही देशांच्या संकेताक्षरांची आधीच प्रमाणित असलेली यादी आधाराला घेतली. त्या आद्य व्यवस्थापकांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९९४ मध्ये या कारभाराची तत्त्वे लिहिली. देशाचे नाव सांभाळणारी संस्था त्या देशाची आणि जगभरच्या इंटरनेट समाजाची विश्वस्त असते, आणि मालकीहक्काची भाषा इथे गैरलागू आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. इतक्या तरुण तंत्रज्ञानाला इतकी प्रौढ भूमिका लाभली, याचे मला फार मोल वाटते.

भारताला ‘डॉट इन’ मिळाले ८ मे १९८९ रोजी. त्याचा कारभार मुंबईतील एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाहत असे. संस्था विद्वानांची होती, पण नियम इतके कडक होते की १९९२ ते २००४ या काळात एवढ्या मोठ्या देशातून जेमतेम ७००० नावे नोंदली गेली. त्याच वर्षांत आपले उद्योजक ‘डॉट कॉम’कडे वळले आणि ती सवय अजून पुरती सुटलेली नाही, याची मला खंत आहे. २००४ च्या सरकारी धोरणानंतर हे काम निक्सी या ना-नफा कंपनीकडे आले. १ जानेवारी २००५ पासून आधी व्यापारचिन्हधारकांना संधी मिळाली आणि १६ फेब्रुवारीपासून नोंदणी सर्वांना खुली झाली. सरकारी खात्यांची नावे एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, देते, शिक्षणसंस्थांची एर्नेट ही संस्था देते. बाकी आपण सारे रजिस्ट्रार कंपन्यांमार्फत जातो. मूळ नोंदवही निक्सीची, विक्री रजिस्ट्रारची. नोंदवही चालवणारी तांत्रिक यंत्रणा आधी अफिलियास या कंपनीकडे होती, २०१९ मध्ये ती न्यूस्टारकडे गेली, आणि तरीही कोणाचे नाव हिरावले गेले नाही. विश्वस्तपणाचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

आता ज्या गोष्टीने मला या विषयाकडे ओढले ती सांगतो. थोडी लांबेल, पण इथल्या अनेकांच्या घरात ती घडू शकते. माझ्या धाकट्या भावाचा पिंपळगाव बसवंत भागात द्राक्ष निर्यातीचा व्यवसाय आहे. त्याची वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचे इंटरनेटवरचे नाव, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने नोंदवले. मुलगा प्रामाणिक होता. पुढे तो परगावी गेला, त्याचा नंबर बदलला आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणीही न उघडणाऱ्या पेटीत पडत राहिल्या. ऐन हंगामात, कंटेनर भरायच्या दिवसांत, मुदत संपली. वेबसाइट बंद पडली हे समजायला उशीर लागला, कारण ती रोज कोण पाहतो? पण त्याच नावावरचे ईमेलही थांबले होते आणि परदेशी खरेदीदारांना वाटले, माणूस उत्तरच देत नाही. रजिस्ट्रारकडे गेलो तर उत्तर नियमानुसारच मिळाले: नोंदणी ज्याच्या नावावर, त्याच्याशीच आम्ही बोलणार. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असताना ‘वर्षानुवर्षे मीच कसतो आहे’ म्हणण्याला जेवढा अर्थ, तेवढाच आमच्या तक्रारीला होता. फरक इतकाच की सातबाऱ्याचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागत नाही. डोमेन मात्र आपण विकत घेतच नाही. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी वापराचा हक्क घेतो.

ते नाव पुढे तिसऱ्याच माणसाने घेतले. अशा वेळी मार्ग नाही असे नाही. ‘डॉट इन’साठी इंडआरपी ही लवाद पद्धत आहे. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या नावाशी किंवा व्यापारचिन्हाशी फसगत व्हावी इतके मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवले किंवा वापरले. ‘डॉट कॉम’च्या लवादात नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचे दाखवावे लागते, आपल्याकडे दोहोंपैकी एक पुरते. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात २००४ मध्येच मान्य केले आहे. तरीही माझ्या भावाने नवे नाव घेतले, कारण हंगाम लवादासाठी थांबत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, म्हणून पत्रिकेवरचा विषय आता घाईने मांडतो. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि आरंभीच्या आठ भाषांत मराठी होती. आपण लिहिलेले देवनागरी नाव यंत्रणेत ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन रूपात साठवले जाते, त्यामुळे जुन्या यंत्रणेला काही बदलावे लागत नाही. अडचण पुढे येते: अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी नावाचा ईमेल पत्ता चुकीचा समजून नाकारतात. म्हणून माझी सूचना अशी की मुख्य व्यवहारासाठी ‘डॉट इन’ ठेवा आणि त्याच्या जोडीला मराठी नाव घेऊन ते त्याच वेबसाइटकडे वळवा, म्हणजे येवल्याच्या पैठणीचे दुकान शोधणाऱ्याला आपल्या लिपीत पत्ता टाइप करता येईल. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ राखून ठेवले, ते नावावरून खरी बँक ओळखता यावी म्हणूनच. आपल्या बाजारपेठांनाही अशा ओळखीची गरज आहे, पण त्यावर सविस्तर बोलायला आज वेळ नाही.

घरी गेल्यावर निक्सीच्या संकेतस्थळावर आपले नाव शोधा. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधीपर्यंत, हे तिथे दिसेल. नंतर त्या रजिस्ट्रारच्या खात्यात तुमचा स्वतःचा ईमेल आणि मोबाइल आहे का ते पाहा. नसेल, तर ज्याने वेबसाइट केली त्याला आजच फोन करा.