पूर दारात, नळ कोरडा

(दृश्य: पहाट. राजाराम बंधारा पाण्याखाली. फक्त पावसाचा आवाज.)

जुलै लागला की कोल्हापुरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. "बंधाऱ्याला किती झालं?" दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, पुण्याला नोकरी करणारा मुलगा फोनवरून विचारतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा, ४३ वर आलं की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं. तिकडे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्याही वर चढली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट.

आमचं घर चढावर आहे. पुराचं पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. नळाचंही आलं नाही.

(दृश्य: नदीकाठचं पाणी उपसा केंद्र.)

२०१९ मध्ये शहराचं पाणी उचलायची ठिकाणं होती शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी. नदीतून पाणी घ्यायचं म्हणजे केंद्र काठावरच असणार, आणि नदी फुगली की पहिल्यांदा बुडणारही तेच. मोटारी, विजेची पॅनेलं, सगळं पाण्याखाली जातं. पूर उतरला म्हणजे नळ सुरू झाला, असंही होत नाही. मोटारी बाहेर काढायच्या, वाळवायच्या, तपासायच्या, पुन्हा बसवायच्या. त्यात दिवस जातात. त्या वर्षी पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली होता, त्यामुळे बाहेरून पाण्याची गाडी येणंही अवघड होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं.

त्या दिवसांत मी आईबरोबर घागर घेऊन बोअरच्या रांगेत भिजत उभा होतो. डोक्यावर पाऊस, खाली शहराला पाण्याचा वेढा, आणि हातातली घागर रिकामी. तेव्हापासून आमच्या घरात ३९ या आकड्याचा अर्थ बदलला. बंधाऱ्याला ३९ झालं की आम्ही पूर बघायला नंतर जातो, आधी पाणी भरतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. घडवंची, पितळी हंडा, कळशी, ओगराळं.)

पाणी भरून ठेवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपल्याकडे "शिळं पाणी" हाही एक शब्द आहे. नळाला पाणी आलं की कालचा भरलेला हंडा मोरीत ओतायचा आणि ताजं भरायचं. माझी आजी हेच करायची, आईही करायची. खरं तर स्वच्छ भांड्यात, घट्ट झाकून ठेवलेलं नळाचं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. ते नासतं ते उघड्या तोंडामुळे, आणि आत बुडवलेल्या हातामुळे.

दुसरी अडचण डासांची. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, ते बरोबरच आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. म्हणून वापरायच्या पाण्याचं पिंप आठवड्याला रिकामं करून, घासून, कोरडं करायचं. प्यायच्या पाण्याला मात्र फिरकीचं झाकण आणि तोटी असलेला कॅन घ्यायचा. झाकण घट्ट बसलं की डास आत जात नाही, आणि तोटीमुळे हात बुडत नाही.

किती साठवायचं? पिणं आणि थोडाफार स्वयंपाक धरून माणशी दिवसाला चार लिटर. पाच माणसांना तीन दिवसांचे साठ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. पूरपट्ट्यात मी आठवड्याचं धरतो. सात कॅन. तान्हं बाळ, बाळंतीण, आजारी माणूस घरात असेल तर आणखी. जुलाब लागले तर जलसंजीवनीच्या एका पुडीलाच लिटरभर स्वच्छ पाणी लागतं. गोठ्यातल्या म्हशीची तहान कॅनमध्ये मावणारी नाही. पाणी चढायच्या आत तिला वर हलवणं हाच तिच्यासाठी उपाय.

कॅन कुठला, हे फार महत्त्वाचं आहे. आपला भाग शेतीचा. कीटकनाशकाचा, रंगाचा, फिनेलचा कॅन कितीही धुतला तरी प्यायच्या पाण्याला चालत नाही. कधीच नाही. खाद्यपदार्थांसाठीचा कॅन घ्या, साबणाने धुवा, भरा, तारीख लिहा, उन्हापासून आणि रॉकेलपासून लांब ठेवा. महिन्याला ते पाणी झाडांना घाला आणि कॅन पुन्हा भरा. भरलेला कॅन वीस किलोचा असतो, म्हणून माळ्यावर चढवू नका. वरचा मजला असेल तर रिकामे कॅन वर न्या आणि तिथेच भरा. घर सोडायची वेळ आलीच, तर पिशवीत टाकायला लिटरभराच्या चार-पाच बाटल्या वेगळ्या भरून ठेवा.

वीज गेली की शुद्धीकरणाचं यंत्र बंद पडतं, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही. जमिनीखालची टाकी पुरात बुडाली तर तिच्यात गटारही शिरतं. त्या टाकीतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नये.

(दृश्य: कौलांवरून पागोळ्या बादलीत पडताहेत.)

धुण्याला, संडासाला पागोळ्यांचं पाणी धरा, म्हणजे प्यायचं पाणी वाचतं. साठा संपला आणि गढूळ पाण्यावर वेळ आली, तर तुरटी फिरवून निवळू द्या, चार पदरी कापडातून गाळा, आणि मग खळखळून उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबायचं. पण गाळण्याआधी गोळी टाकू नका, गढूळ पाण्यात तिचा जोर उरत नाही. बुडालेल्या विहिरीचं पाणी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून, तपासून झाल्याशिवाय प्यायचं नाही.

(दृश्य: नळ. आधी हवेचा फुसकारा, मग मातकट धार.)

नळ परत येतो तो असा. ही पहिली धार वापरायच्या पिंपात जाऊ दे. पाणी स्वच्छ दिसायला लागलं तरी सुरुवातीचे काही दिवस उकळूनच प्या. आणि कॅन अजून उलटे करून ठेवू नका. २०१९ मध्ये पूर उतरला तेव्हा ऑगस्टच चालू होता. सप्टेंबरचा पाऊस यायचा होता.