जिवाणूचा जमाखर्च

नमस्कार, श्रोतेहो.

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. १९९७ मध्ये त्याचा अख्खा जनुकसंच वाचून झाला. ४६ लाख अक्षरं आणि चार हजारांवर जनुकं. यादी हाती आली खरी, पण हा जीव कशावर किती वेगानं वाढेल, हे त्या यादीवरून कसं ओळखायचं? पेशीतल्या एकेका रासायनिक क्रियेचा वेग मोजायचा म्हटलं, तर जन्म पुरायचा नाही.

मूळचे आइसलँडचे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथले संशोधक बर्नहार्ड पॉल्सन यांनी उलटीकडून सुरुवात केली. वेग राहू देत, आधी जे शक्यच नाही ते बाद करा. पेशीत शून्यातून काही येत नाही की हवेत विरत नाही. दुकानदार जमा-नावे जुळवतो, तसं प्रत्येक रेणूचं एक समीकरण मांडायचं. एवढ्यानंच बहुतेक शक्यता गळतात. उरलेल्यांतून सर्वाधिक वाढ देणारी शक्यता संगणक शोधतो. ई. कोलायच्या २०१७ च्या प्रतिमानात, म्हणजे संगणकात मांडलेल्या अशा हिशेबात, २,७१९ रासायनिक क्रिया आहेत.

पण जिवाणूला जास्तीत जास्त वाढायचंच असतं, हे ठरवलं कुणी? मला तरी ही शंका रास्तच वाटते. ग्लिसरॉलवर, म्हणजे आपण हिवाळ्यात ओठांना लावतो त्या ग्लिसरीनवर, ई. कोलाय भाकितापेक्षा बराच हळू वाढला. दुसरा कुणी असता तर समीकरणं दुरुस्त करत बसला असता. पॉल्सन यांच्या गटानं जिवाणूला वेळ दिला. चंचुपात्रातले थोडे जिवाणू घ्यायचे, ताज्या ग्लिसरॉलमध्ये सोडायचे, ते वाढले की पुन्हा तेच. जो भराभर वाढेल, तोच पुढच्या पात्रात टिकेल. सुमारे ४० दिवस, ७०० पिढ्या. वाढीचा वेग दुपटीवर गेला आणि संगणकानं सांगितलेल्या आकड्यापाशी येऊन थांबला! हा निष्कर्ष २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

पुढे या हिशेबाचा धंदाही झाला. पॉल्सन सहसंस्थापक असलेल्या जिनोमॅटिका कंपनीनं २०११ मध्ये असा ई. कोलाय जाहीर केला, जो साखरेपासून ब्युटेनडायॉल बनवतो. ताणल्या जाणाऱ्या कपड्यांतल्या स्पॅन्डेक्ससाठी लागणारं हे रसायन एरवी खनिज तेल किंवा वायूपासून निघतं. युक्ती अशी, की प्राणवायू नसताना पेशी ज्या इतर वाटांनी हिशेब जुळवते, त्यांची जनुकंच काढून टाकली. आता प्राणवायूविना वाढायचं, तर ब्युटेनडायॉल बनवल्यावाचून त्या जिवाणूला गत्यंतर नाही.